नळीपुढची जागा

१

रोज दुपारी दोनला टायरच्या दुकानातली पाळी संपली की वेलन रॅटलिफ कोपरापर्यंत हात धुवायचा, ट्वायलाच्या गाडीत बसायचा आणि स्टिअरिंगला गुडघे घासत घरी यायचा. गाडी बहिणीची. ती बुटकी होती, त्यामुळे सीट पार पुढे ओढलेली. सीट मागे सारायची दांडी खालीच होती. पण मार्चपासून वेलनने तिला हात लावला नव्हता.

त्या मंगळवारी मात्र तो घरी गेला नाही. नदीच्या पुलाअलीकडे हर्शेलकाकांचं बंदुकांचं दुकान होतं, तिथे त्याने गाडी लावली.

हर्शेलकाका सत्तरीचे. काउंटरवर दोन्ही हात टेकून त्यांनी त्याला खालून वरपर्यंत पाहिलं.

"काय पाहिजे?"

"पिस्तूल. लहान. शर्टाखाली घातलं तर कुणाला कळू नये असं."

"पहिलंच?"

"हो."

"कुणावर राग आहे?"

उजव्या हाताच्या बोटांवरची खपली वेलनने खिशात लपवली. गेल्या आठवड्यात त्याने स्वयंपाकघराच्या भिंतीला भोक पाडलं होतं.

"राग असेल तर समोर जाऊन कॉफी पी. उद्या ये," हर्शेलकाका म्हणाले.

"घरात पोरगी आहे, काका."

"मग परवा ये."

वेलन हसला नाही, तसा म्हातारा नरमला. गावात कुणाला माहीत नव्हतं? ट्वायला पेट्रोल पंपावरच्या दुकानात गल्ल्यावर बसायची. मार्चमध्ये बर्फामुळे शाळेला सुट्टी पडली, म्हणून सहा वर्षांच्या ओपलला तिने बरोबर नेलं. दुपारी एक माणूस आत आला, ट्वायलाला गोळी घातली आणि निघून गेला. तो अजून सापडला नव्हता. वर पेपरात छापून आलं की दुकानातल्या लहान मुलीने त्याचा चेहरा पाहिला आहे. वेलनला वाचायला वेळ लागतो, दहावीतच शाळा सोडलेली. पण तेवढं एक वाक्य त्याने इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. त्यानंतर घरापुढून जाणारा प्रत्येक अनोळखी ट्रक त्याला हळू गेल्यासारखा वाटे. ओपलचा बाप ती जन्मायच्या आधीच परागंदा झालेला. न्यायाधीशबाईंनी पोर वेलनच्या हवाली केली आणि म्हणाल्या, "आता तिचा आईबाप तूच." तो तेवीस वर्षांचा होता.

हर्शेलकाकांनी काचेच्या कपाटातून एक छोटं रिव्हॉल्व्हर काढलं, एक चपटं पिस्तूल काढलं. प्रत्येक वेळी आधी स्वतः उघडून आत बोट घालून पाहिलं, मग त्याला दाखवलं, मग उघड्या अवस्थेतच हातात दिलं.

"आता तू बघ."

"तुम्ही पाहिलंत की."

"मी पाहिलं ते माझ्यापुरतं. तू बघ."

वेलनने पाहिलं.

"लहान घेशील तितकं हातात उसळतं," काका म्हणाले. "खिशात मावतं म्हणून लोक घेतात, एकदा उडवतात, मनगट चोळतात आणि मोज्यांच्या कप्प्यात टाकून देतात. हे चपटं बरं. तुझी करंगळी खाली लोंबतेय, पण जमेल. याचा चापही जड आहे."

"म्हणजे पोरीच्या हाती लागलं तरी ओढता येणार नाही?"

"एका बोटाने नाही येणार." हर्शेलकाका थांबले. "पण लहान पोरं बोट लावत नाहीत, बाबा. उलटं धरतात आणि दोन्ही अंगठे लावतात. म्हणून कुलुपाची पेटी घे. ती पिस्तुलाच्या आधी घे."

दुकानाच्या मागच्या भिंतीवर हरणाचं मुंडकं टांगलेलं होतं. बंदूक हातात घेऊन पाहायची ती त्याच दिशेने, माणसाकडे कधी नाही, असा तिथला रिवाज. वेलनने दोन्ही हातांनी पिस्तूल उचललं. नळीच्या टोकावरचा पांढरा ठिपका हरणाच्या डोळ्यांमध्ये यायच्या आतच हर्शेलकाकांनी काउंटरवरून झेप घेतल्यासारखं त्याचं मनगट धरलं आणि खाली दाबलं.

"पोरीला आधी मागे घे."

"कुठल्या पोरीला?"

"तुझ्या. समोर उभी आहे ती."

वेलनने वळून पाहिलं. मोजे, शिकारीच्या टोप्या, सुक्या मांसाच्या पुड्या. दुकानात त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. ओपल शाळेत होती. तीनशिवाय तिची शाळा सुटत नाही.

हर्शेलकाकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला.

"आत्ता तुझ्याबरोबर आली ना?" ते म्हणाले. "मला वाटलं, एवढ्या गारठ्यात अनवाणी कशी आणली याने."

मग ते हसले. "मोतीबिंदू काढायचाय पुढच्या महिन्यात. कुणाला बोलू नकोस हां, नाहीतर मला कोण बंदुका विकू देईल?"

२

सरकारी फॉर्म भरून झाला, चौकशीचा फोन झाला. वेलनने चपटं पिस्तूल घेतलं आणि कुलुपाची पेटीही घेतली.

पहिले काही दिवस नव्या बुटांसारखे गेले. कमरेला पुढे, पट्ट्याच्या आत पिस्तूल, वरून सैल शर्ट. वाकलं की टोचे, गाडीत बसलं की पोटात रुते. किराणा दुकानात वरच्या फळीवरचा डबा काढताना शर्ट वर जाईल म्हणून तो डावा हात वापरायला शिकला. सगळे आपल्याकडेच पाहताहेत असं त्याला वाटे. प्रत्यक्षात कुणीच पाहत नसे.

ओपलच्या मात्र पहिल्याच दिवशी लक्षात आलं. शाळेची बस तिला साडेतीनला नेल्डामावशीकडे सोडायची. नेल्डा ही वेलनच्या आईची मैत्रीण. आई गेल्यावर ट्वायला आणि वेलन दोघांनाही तिनेच जेवू घातलं होतं, आणि आता ओपलला सांभाळत होती. दुपारची झोप काढून पाचला वेलन घ्यायला गेला की ओपल पळत येऊन त्याच्या कमरेला मिठी मारायची. त्या दिवशी तिचा गाल शर्टाखालच्या कठीण वस्तूवर आपटला. ती मागे सरली.

"हे काय आहे, मामा?"

"कामाचं आहे."

तिने विचारलं नाही कसलं काम. दुसऱ्या दिवशी ती पळत आली नाही. चालत आली आणि मागून मिठी मारली.

"बघ, कशी शहाणी आहे," नेल्डामावशी दारातून म्हणाली. "नाहीतर तू. या वयात टेबलाला जाऊन थडकायचास आणि टेबलालाच लाथा घालायचास."

"टेबलाची चूक असायची."

"अजूनही टेबलाचीच असते. भिंत बुजवलीस का?"

"बुजवतो."

मावशी हसली आणि त्याच्या हातात बीन्सचा डबा कोंबला. जाता जाता त्याला आठवलं, हर्शेलकाका अनवाणी म्हणाले होते. म्हातारपण, डोळे, दुसरं काय. पण एक गोष्ट त्याला टोचत राहिली. मोतीबिंदू झालेल्या माणसाला धूसर दिसतं. पायात बूट नाहीत हे त्याला कसं दिसलं?

३

शनिवारी तो रेंजवर गेला. जुन्या कोळशाच्या खाणीसाठी डोंगर कापून केलेली सपाटी होती, तिच्या टोकाला मातीचा उंच बांध. गावातले लोक तिथे नेम धरायला यायचे. ओपलला त्याने सकाळीच मावशीकडे सोडलं होतं.

रेंज सांभाळायला गार्नेट नावाचा माणूस होता. पूर्वी खाणीत काम केलेला, खरखरीत आवाजाचा, शिस्तीचा पक्का. लाल झेंडा वर असला की सगळ्यांनी पिस्तुलं रिकामी करून, उघडी ठेवून, पिवळ्या रेघेच्या मागे यायचं आणि कशालाही हात लावायचा नाही. मग कागद चिकटवायला पुढे जायचं. सगळे परत आले की झेंडा खाली, गोळीबार सुरू. त्या दिवशी वेलन धरून चौघे होते. चौघेही कागद चिकटवून परत आले.

झेंडा खाली येईना.

"चला की, गार्नेट. झोपलास का?" टोकाचा एक जण म्हणाला.

"पोर परत येऊ दे."

"कुणाचं पोर?"

"ते काय. तिसऱ्या कागदापाशी."

तिसरा कागद वेलनचा होता. चौघेही तिकडे पाहू लागले. वारा आला, कागदाचं एक टोक हललं. बांधाच्या पायथ्याशी फुटक्या बाटल्यांच्या काचा चमकत होत्या. बाकी माती.

"गार्नेट, तिथे कुणी नाही," एक बाई हलकेच म्हणाली.

गार्नेटने डोळ्यांवर हाताची सावली धरली. मग काही न बोलता तो स्वतः चालत गेला, बांधापर्यंत, बांधाच्या मागेही पाहून आला. आला तेव्हा धापा टाकत होता.

"दिसलं होतं," तो म्हणाला. "काचांवर उभी होती, अनवाणी. मी म्हटलं, कुठल्या आईने सोडली हिला."

खाणीतली जुनी धूळ अजून डोळ्यांत आहे, अशी कुणीतरी चेष्टा केली. गार्नेटही हसला आणि झेंडा खाली आला. वेलनने गोळ्या भरल्या. आज तो पहिल्यांदाच उडवणार होता. त्याने श्वास घेतला, पिस्तूल उचललं.

"थांबा. थांबा." गार्नेट शिटी फुंकत धावत येत होता. "सगळे थांबा. खाली ठेवा."

सगळ्यांनी खाली ठेवलं. गार्नेट वेलनजवळ आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"तू उचललंस आणि ती परत आली," तो कुजबुजला. "बाकीच्यांनी उचललं तर नाही. मी पाहिलं. तुझी पोरगी आहे का ती?"

वेलनचं डोकं तडकलं. हर्शेलकाका आणि गार्नेट, दोघेही एकाच चर्चमध्ये जातात. दोघांनी ठरवलंय. रॅटलिफचा बिनडोक पोरगा, याला कशाला हवी बंदूक, घाबरवून टाका. त्याने गार्नेटच्या शर्टाची कॉलर धरली. "कितीला ठरलं तुमचं? म्हाताऱ्याने पाठवलं तुला?"

"कुठला म्हातारा?" गार्नेट म्हणाला. त्याने कॉलर सोडवायचाही प्रयत्न केला नाही. तो वेलनच्या खांद्यावरून मातीच्या बांधाकडे पाहत होता. "हे बघ, पोरा, तुला दिसत नसेल. पण मी या जागेवर आहे तोवर तुला इथे गोळी झाडू देणार नाही. घरी जा."

वेलन घरी गेला. एकही गोळी न उडवता.

४

हर्शेलकाकांनी सांगितलं होतं की रोज थोडा वेळ रिकाम्या पिस्तुलाने सराव करायचा. गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवायच्या, दार लावायचं, मग रिकामं पिस्तूल काढायचं, उचलायचं, चाप ओढायचा, पुन्हा आत ठेवायचं. सराव संपला की संपला. गोळ्या भरल्यावर 'आणखी एकदा' म्हणणारे लोक टीव्ही फोडतात, कुत्री मारतात.

सोमवारी कामावरून आल्यावर वेलनने गोळ्या न्हाणीघरात ठेवल्या आणि स्वयंपाकघरात उभा राहिला. समोर भिंतीवर टायरच्या दुकानाचं कॅलेंडर होतं, ओपलच्या उंचीच्या बेताने खाली लावलेलं. शाळेच्या दिवसांवर तिला फुल्या मारता याव्यात म्हणून. भिंतीमागे धुराड्याची वीट होती, म्हणून ही दिशा त्याने निवडली होती. फ्रिज गुरगुरत होता. नळ थेंब थेंब गळत होता. त्याने पिस्तूल दोनदा उघडून पाहिलं. रिकामं.

काढलं, उचललं. पांढरा ठिपका महिन्याच्या नावावर ठेवला. चाप ओढला. टक्.

पुन्हा. टक्.

पाचव्या-सहाव्या वेळी त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. त्याने पिस्तूल खाली घेतलं. कॅलेंडर होतं तसंच होतं. पाच ओळी, पाच आठवडे. पुन्हा उचललं. एक डोळा मिटला. महिन्याचं नाव दिसत होतं. पहिला आठवडा, दुसरा, तिसरा. चौथा अर्धा. पाचवा नव्हताच.

त्याने दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिलं. कॅलेंडरचा खालचा भाग काळा पडला नव्हता, धूसर झाला नव्हता. त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये काहीतरी आलं की जसं होतं, तसं झालं होतं. वरची कड गोलसर होती. ती गोल कड किंचित हलली, बराच वेळ उभं राहून पाय अवघडले की लहान मूल हलतं तशी.

त्याने पिस्तूल खाली घेतलं. पाचही आठवडे जागेवर.

हातांची चूक असेल. माझेच अंगठे मध्ये येत असतील. त्याने अंगठे तपासले. प्रकाशाची चूक असेल. त्याने दिवा लावला. पुन्हा उचलायला मात्र तो धजला नाही. तो तसाच खुर्चीवर बसला, आणि इतके दिवस ज्या गोष्टीला त्याने मनात थारा दिला नव्हता ती आली. मार्चमधला दुपारचा चिखल. पंपाबाहेर गाड्या, पिवळी फीत. पोलिसाच्या हातात चादरीत गुंडाळलेली ओपल, आणि चादरीतून लोंबणारी तिची दोन उघडी पावलं. बूट-मोजे बर्फात भिजले म्हणून ट्वायलाने ते काढून हीटरवर वाळत घातले होते.

ही गोष्ट हर्शेलकाकांना माहीत नव्हती. गार्नेटला नव्हती. पेपरात आली नव्हती.

त्या दिवशी जेवताना त्याने करू नये ते केलं. ओपलच्या शाळेतल्या समुपदेशक बाईंनी बजावलं होतं की तिला काही विचारू नका, सांगायचं तेव्हा ती सांगेल. पण वेलनचं तोंड नेहमीच त्याच्या आधी पोचायचं.

"ओपी, त्या दिवशी दुकानात तू कुठे होतीस?"

ओपलने चीजमधल्या मॅकरोनीचा एक तुकडा काट्याने टोचला. "क्रेटवर."

"मग?"

"मग आई म्हणाली, खाली बस. मी नाही बसले. मी पुढे उभी राहिले."

"कशाच्या पुढे?"

ओपलने काटा उचलून त्याचं टोक स्वतःच्या कपाळाकडे केलं. अगदी सहज, शाळेत आज काय शिकवलं ते सांगावं तसं. वेलनने हात पुढे करून काटा खाली घेतला.

"मग आई माझ्या पुढे आली," ती म्हणाली. "मग मोठा आवाज आला. मग पोलिसांनी मला उचललं." तिने तो तुकडा खाल्ला, चावला, गिळला. "ती तिथेच उभी राहिली."

"कोण? आई?"

"नाही. आई खाली पडली होती ना. पुढे उभी होते ती मी," ओपल म्हणाली, आणि इतकं साधं कळत नाही या मामाला, अशा नजरेने तिने पाहिलं.

५

मंगळवारी सव्वादोनला वेलन पुन्हा हर्शेलकाकांच्या काउंटरसमोर होता. रात्रभर त्याने दोन्ही बाजूंनी भांडून पाहिलं होतं. पिस्तूल नसेल आणि तो माणूस आला तर? ट्वायला पुढे येऊन उभी राहिली, तसं मी उभं राहायचं? आणि पिस्तूल असेल तर रोज, कमरेवरून काढलं की, ती तिथे येऊन उभी राहणार. काचांवर, थंड फरशीवर, अनवाणी. माझ्या नळीपुढे. असं पोर आपण रोज उभं करायचं का? सकाळी त्याने कुलुपाची पेटी पिशवीत घातली.

"परत?" हर्शेलकाकांनी विचारलं.

"परत."

म्हाताऱ्याने कारण विचारलं नाही. पिस्तूल उघडलं, आत बोट घालून पाहिलं, त्याला दाखवलं. "बघ."

वेलनने पाहिलं. रिकामं.

"ठीक आहे. महिनाभर ठेवतो तुझ्या नावाने. मन बदललं तर ये, नाही बदललं तर आणखी चांगलं." हर्शेलकाकांनी ते कपाटात ठेवलं. मग किल्ली फिरवता फिरवता ते दुकानभर नजर फिरवून सहज म्हणाले, "आज नाही आली ती."

"कोण?"

"तुझ्याबरोबर होती ती. इतके दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. आज नाही."

वेलनला वाटलं, छातीवरचं कुणीतरी उठलं. तो बाहेर आला. मग समोरच्या हॉटेलात जाऊन पोटभर खाल्लं, किती दिवसांनी. मार्चपासून पहिल्यांदाच त्याला ट्वायलाशी मनातल्या मनात बोलावंसं वाटलं. बघ, मी विचार करून एक गोष्ट केली. भिंतीला भोक न पाडता.

६

पावणेचारला, गाडी सुरू करून, त्याने नेल्डामावशीला फोन लावला.

"मावशी, आज लवकर येतोय. आली का ओपल?"

"आली. हातपाय धुऊन बसलीय राणीसारखी. आवाज काय रे तुझा, लॉटरी लागली का?"

"ते पिस्तूल परत केलं."

मावशी म्हणाली, "बरं केलंस. तुझ्या स्वभावाला ते नव्हतंच. आणि ओपलची काळजी तू करू नकोस. इथे असते तोवर माझं आहे की."

"तुझं काय?"

"पिस्तूल, दुसरं काय. आमच्या ह्यांनी दिलेलं. अकरा वर्षं झाली, कायम पर्समध्ये. चर्चमध्येसुद्धा. कुणाला कधी कळलंय? तुलाही नाही कळलं."

वेलनने गाडी पुलावर घेतली होती. "पर्स कुठे आहे, मावशी?"

"सोफ्यावर असेल. का रे? मी मागच्या खोलीत आहे, कपडे काढतेय ड्रायरमधून."

"आणि ओपल?"

"बाहेरच्या खोलीत. आत्ताच विचारून गेली, चिंगम घेऊ का म्हणून. घे म्हटलं, तुला माहितेय कुठल्या..."

पुलानंतर रस्ता दरीत वळतो. तिथे फोन लागत नाही. वेलन तरीही बोलत राहिला. मावशी, आधी पर्स उचल. मावशी, ऐकतेस का. कानाला फोन, एका हाताने स्टिअरिंग. पुढे कोळशाचा रिकामा ट्रक होता, आणि त्या रस्त्यावर कुणाला ओलांडून जाता येत नाही. सव्वातीन मैल. त्याला हर्शेलकाकांचं वाक्य ऐकू येत होतं. आज नाही आली ती. इथे नाही, तर मग कुठे गेली? आपल्या नळीपुढून ती हलली, याचा त्याला आनंद झाला होता. त्याने पोटभर खाल्लं होतं.

मावशीच्या अंगणात त्याने गाडी सोडली, दार उघडंच ठेवलं. पायऱ्या तीन. एरवी तो त्या एका उडीत चढला असता, जाळीचं दार उचकटून ओरडत आत घुसला असता. जाळीला हात लावला आणि तो थांबला. आत दिसत होतं.

ओपल सोफ्यापाशी गुडघ्यांवर होती, त्याच्याकडे पाठ करून. समोर तपकिरी कातडी पर्स, तोंड उघडं. ओपलचा उजवा हात कोपरापर्यंत आत. आणि पलीकडे, पर्स आणि भिंत यांच्या मधल्या वीतभर जागेत, जिथे माणूस मावणार नाही, तिथे कार्पेटवर दोन लहान पावलं होती. उघडी. बोटं थंडीने आवळलेली. वर पाहायला त्याची नजर उठेना.

मागच्या खोलीत ड्रायर घरघरत होता. मावशी काहीतरी गुणगुणत होती.

दचकली तर हात आवळेल. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, तरी माहीत होतं. त्याने जाळीचं दार इंच इंच उघडलं. त्याने आवाज काढला तो स्वतःचा नव्हता. संथ होता, ट्वायला त्याला सकाळी शाळेसाठी उठवायची तसा.

"ओपी. मी आलोय. हलू नकोस हां, बाळा. काय करतेयस?"

"चिंगम," ओपल म्हणाली. ती वळली नाही. "मामा, ती माझा हात सोडत नाहीये."

"कोण, बाळा?"

वेलन कार्पेटवरून गुडघ्यांवर सरकत गेला. पावलं आता दिसत नव्हती. पर्स आणि भिंत यांच्यामध्ये नुसती जागा होती, पण ती जागा गार होती. त्याने ओपलच्या पाठीमागून हात घातला, तिच्या खांद्यावरून, कोपरावरून, हळूहळू पर्सच्या काळोखात. रुमाल. किल्ल्या. चिंगमची चुरगळलेली पुडी. मग ओपलचं मनगट, ऊबदार, नाडी पळत असलेलं. मग तिची बोटं. त्यांच्याखाली थंड लोखंड.

आणि तिच्या बोटांवर आणखी बोटं होती. तिच्याएवढीच. गार, घट्ट. ती ओपलचा हात कुठेतरी ओढत होती, पूर्ण जोर लावून, थरथरत. लोखंडापासून दूर की लोखंडाकडे, ते त्याला कळेना.

त्याचा हात त्या सगळ्या बोटांवर अलगद टेकला.

"दोघीही हलू नका," तो म्हणाला.